सातेरीची पेटी आणि वफ्र्याची थंडी

कुवेतला निघालो तेव्हा माझ्या सामानात वाळ्याचे चार पडदे होते. वाळवंटात जायचे म्हणजे मधमाश्यांना उकाड्यापासून जपायला हवे; पडद्यांवर पाणी शिंपडले की पेट्या गार राहतील, असा माझा बेत. महाबळेश्वरात पंधरा वर्षे माश्या पाळलेल्या माणसाचे हे शहाणपण! डिसेंबर चालू आहे, याचा मी विचारच केला नव्हता.

मुंबईहून बोटीने नऊ दिवस लागले. डेकवर ताडपत्रीच्या सावलीत माझ्या दोन पेट्या, दारांना बारीक जाळी, आणि शेजारी माझी वळकटी. पेट्यांत सातेरी जातीच्या माश्या होत्या, आपल्या डोंगरातल्या. खलाशी आणि उतारू लांबून वळसा घालून जात, त्यामुळे त्या खच्चून भरलेल्या डेकवर मला पाय पसरून झोपता आले.

बंदरावर कासमभाई न्यायला आले होते. ते दापोलीकडचे, कुवेतच्या दक्षिणेला वफ्रा म्हणून शेतीचा भाग आहे तिथल्या एका शेतावर मुकादम. त्यांचा धाकटा भाऊ इस्माईल माझ्याकडे माश्यांचे काम शिकत होता, आणि हा सारा खटाटोप त्याच्यासाठीच होता. शेताच्या अरबाबला (मालकाला) कोणीतरी सांगितले होते की माश्या युरोपातून आणाव्यात, हिंदी माश्या इथल्या थंडीत टिकायच्या नाहीत. कासमभाईंनी फारच गळ घातली तेव्हा अरबाबने अट घातली. दोनांतली एक पेटी जरी हिवाळ्यातून वाचली, तर इस्माईलला इथे बोलावून घेऊ. दोन्ही मेल्या, तर माश्याही युरोपातल्या येतील आणि त्यांना सांभाळणारा माणूसही.

“थंडी? इथे?” मी हसलो. कासमभाई हसले नाहीत.

ट्रकने दक्षिणेकडे निघालो. दोन्ही बाजूंना सपाट वाळू, लांबवर तेलविहिरींच्या ज्वाळा, आणि मग एकदम खजुरांची रांग, लसूणघासाचे हिरवे तुकडे. अरबाब साठीपुढचा, काटकुळा, कमी बोलणारा माणूस. ओळख करून देताना कासमभाईंनी माझे कोपर धरून मला त्याच्या उजव्या हाताला नेऊन उभे केले. इथली रीत असेल, असे मला वाटले. रात्री कासमभाईंनी केलेला मच्छीभात मात्र थेट दापोलीचा होता.

सुरुवातीचे आठवडे बरे गेले. फुलावर आलेल्या मुळ्याच्या वाफ्यात माश्या दिवसभर गुंतलेल्या असत. डोंगरातल्या माश्या आहेत, थंडीला काय भिणार, अशी फुशारकी मी दोन-तीनदा मारली.

जानेवारीत शमाल (उत्तरेचा वारा) सुटला. सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा दिसला आणि माझी फुशारकी तिथेच संपली. महाबळेश्वरची थंडी झाडीत मुरलेली असते. ही नुसती उघड्यावरची, बोचरी. वाळ्याचे पडदे कोरडेच बांधून मी पेट्यांना आडोसा केला. थंडीत माश्या एकमेकींना बिलगून एक गोळा बांधतात आणि आतल्या आत ऊब धरतात. तो गोळा मोडू द्यायचा नसतो. हात लावायचा नाही, उघडायचे नाही, नुसते थांबायचे.

कासमभाईंना ते जमले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी एका पेटीला लागून दुव्वा (कोळशाची शेगडी) ठेवला. ऊब लागताच उन्हाळा आला असे समजून माश्या बाहेर उडाल्या आणि वाऱ्यात गारठून पडल्या. मी पोहोचलो तेव्हा वाळूवर त्यांचा सडा पडला होता.

“मास्तर, माजीच चूक,” कासमभाई म्हणाले. “मला वाटलं, पोरांसारखी काकडतायत.”

उरलेल्या पेटीवर बोटाने टकटक करून मी कान लावला. जिवंत पेटी आतून एकदा गुणगुणते. काहीतरी ऐकू आल्यासारखे वाटले. कदाचित पडद्यातून घुसलेला वारा असेल.

दुपारी अरबाब आला. मेलेल्या माश्या बघून त्याने दुसरी पेटी उघडायला सांगितली. मी नाही म्हटले. मेल्या असतील तर उघडून काय बिघडणार, आणि जिवंत असतील तर क्षणभराने काय होणार, असे त्याने विचारले. या वाऱ्यात गोळा मोडला तर पुन्हा बांधला जाणार नाही, असे मी कासमभाईंकरवी सांगितले. अरबीत सांगताना त्यांचा आवाज कापत होता. मी काहीतरी लपवतो आहे, असेच कोणालाही वाटले असते.

“जिवंत आहेत,” मी म्हणालो. “कान लावून बघा.”

अरबाबने डोक्यावरचे कापड सारले, वाळूत गुडघे टेकले आणि डावा कान पेटीला लावला. मी टकटक केली. वारा घोंघावत होता आणि मला काहीही ऐकू आले नाही. अरबाबचा कान पेटीवर होता, डोळे माझ्या चेहऱ्यावर. नजर वळवावीशी वाटत होती, पण वळवली नाही. बऱ्याच वेळाने तो उठला, गुडघे झटकले, “झैन” (ठीक) म्हणाला आणि भावाचे कागद मागवून घे, असे कासमभाईंना सांगून निघून गेला.

एका माणसाचे नशीब मी बहुधा मेलेल्या पेटीवर उभे केले होते. तिसऱ्या दिवशी वारा पडला. भर दुपारी पेटीच्या दारात एक माशी आली, तोंड पुसत थांबली, उडाली. मग पाच-सहा. मग मोजता येईनात. मी वाळूत बसलो आणि लाज न बाळगता रडलो.

परतीच्या दिवशी बंदराच्या वाटेवर कासमभाईंनी उलगडा केला. “अरबाब जवानीत मोत्यांसाठी बुडी मारायचे. डावा कान तेवाच गेला. त्या कानानं काय सुदिक ऐकू येत नाय.”

मग त्यांनी ऐकले काय, असे मी विचारले.

“मी पण तेच विचारलं त्यांना. बोलले, पाण्याखाली माणसाला कुठं काय ऐकू येतं? वर दोर धरणाऱ्याचं तोंड बघायचं नि बुडी मारायची.”

परतीचे नऊ दिवस मला त्या नजरेने सोडले नाही. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसले असेल? भीती तर नक्कीच होती.

महिन्याभराने इस्माईल निरोप घ्यायला आला. थंडीत पेटी उघडायची नाही, शेगडी जवळ आणायची नाही, हे सगळे त्याने वहीत उतरवून घेतले. त्या दुपारी मलाही काही ऐकू आले नव्हते, हेही मी त्याला सांगितले. ते त्याने लिहिले नाही. सलाम करून तो फाटकापर्यंत गेला, तेव्हा मी त्याला हाक मारून थांबवले.

“आणि हे बघ, अरबाबशी बोलताना नेहमी त्यांच्या उजव्या हाताला उभा राहा.”