हनुवटी जरा खाली

आई कपडे धुण्याच्या कारखान्यात जाताना आम्हा दोघी बहिणींना खोलीत ठेवून बाहेरून कुलूप घालायची. दुसरं काय करणार होती बिचारी? खोलीला खिडकी नव्हती. दाराखाली मात्र चांगली रुंद फट होती, आणि ताई दिवसभर तिच्यापाशी पालथी पडलेली असायची. मी धाकटी, रडकी. मला ती बाहेरच्या बातम्या द्यायची. "वरच्या काकू भांडून निघाल्या बघ, दोन पायांत दोन जोडांच्या चपला आहेत." संध्याकाळी आई येऊन सांगायची, खरंच भांडण झालं होतं. नुसत्या टाचा बघून माणूस ओळखायची हो ही पोर!

लग्नानंतर ताई दिराच्या स्टुडिओत फोटो काढायला उभी राहिली. स्टुडिओ कसला, झेरॉक्सच्या दुकानामागची कोंदट खोली! पांढरा पडदा, एक स्टूल आणि ओळखपत्रासाठी येणारे चेहरे. "हनुवटी जरा खाली. कान दिसू देत. हलू नका." वर्षानुवर्षं हेच. "मी इथेच कुजणार गं," म्हणायची. शेवटी मीच मागे लागून तिला एका वर्तमानपत्रात पाठवलं, तिथे फोटोग्राफरची जागा होती. संपादक म्हणाले, बाजाराचे फोटो आणा, मग बघू.

ताईने आणले ते सगळे टाचांचे, पोटऱ्यांचे, पिशव्या सावरणाऱ्या हातांचे. एकात भाजीवालीचे फक्त पाय होते, एक दुसऱ्यावर घासणारा. बाई कधीची उभी आहे ते कळत होतं. मला तर रडूच आलं.

"नजर आहे तुमच्याकडे," संपादक म्हणाले. "पण वाचकाला चेहरा लागतो हो. उद्या चेहरे आणा, जागा तुमची."

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. तीच भाजीवाली गिऱ्हाइकाशी तावातावाने भांडत होती. चेहरा असा जिवंत, की बघत राहावं. ताईने कॅमेरा उचलला आणि तिच्या तोंडून निघालं, "हनुवटी जरा खाली."

बाई गप्प. केस कानांमागे घेतले आणि ताठ उभी राहिली. गिऱ्हाईकही ताठ! ताईने जीभ चावली. पुढे हमालापाशी तेच, न्हाव्यापाशीही तेच.

"अगं, तोंड बंद ठेव की!" मी ओरडले.

"कॅमेरा वर गेला की आपोआप येतं गं," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. बाजार उठला तेव्हा आमच्याकडे अख्ख्या बाजाराचे ओळखपत्राचे फोटो जमले होते.

संपादक हसले नाहीत, एवढे त्यांचे उपकार. म्हणाले, "बातम्यांचं जमायचं नाही. पण आमच्याच माणसांची ओळखपत्रं करायला खाली तळघरात कुणीतरी हवंय. येता?" आणि ही बया हो म्हणून आली!

माझं डोकंच फिरलं. "आगीतून फुफाट्यात चाललीस! हो कशाला म्हणालीस?"

ताई कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत होती.

"तळघराचा जिना बातम्यांच्या खोलीसमोरून जातो," ती म्हणाली. "जाता-येता दुसऱ्यांनी काढलेले फोटो तरी बघायला मिळतील."