कोटाच्या खिशातले भाडे

आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या उत्तरेकडील चढावर, त्या अरुंद घरात आम्ही तिघे भाडेकरू होतो: मॅलकी टीहन, कार्यालये झाडणारी ब्रीज आणि मी. मॅलकी एकसष्ट वर्षांचा, रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात भांडी घासणारा. वरचे दात गेल्यामुळे तो पाव चहात भिजवून खाई. मुलीच्या लग्नाआधी कवळी बसवावी, एवढीच त्याची इच्छा होती.

घरमालक क्रेहन राहायचा दुसरीकडे. पण दारामागच्या खुंटीवर त्याचा करडा कोट कायम टांगलेला असे आणि वरची एक खोली कुलूपबंद. त्या कोटाच्या आधारे तो स्वतःला इथलाच रहिवासी म्हणवी आणि आम्हाला पाहुणे. मालक त्याच घरात राहत असेल, तर अशा पाहुण्यांना घालवायला कायद्याने मुदत द्यावी लागत नाही. दर शुक्रवारी आपापले भाडे आम्ही त्या कोटाच्या खिशात ठेवायचो. पावतीची रीत नव्हती.

भाडेकरूंना करात सवलत मिळते, एकत्र राहणाऱ्या प्रत्येकाला आपल्या वाट्यापुरती, हे मॅलकीला कामावर कळले. मागील वर्षांची धरून कवळीचा खर्च निघाला असता. मात्र अर्जावर मालकाचे नाव लिहायचे होते.

"लिही की," ब्रीज म्हणाली. "तुला दात, आम्हाला रस्ता."

"क्रेहनला कोण सांगतंय?"

"करवाले विचारतील ना त्याला! मग कवळी घालून फुटपाथवर हसत बस हो, बाबा."

ती माझ्याच भीतीला वाचा फोडत होती. मॅलकीने अर्जाची घडी घालून तो बिस्किटांच्या डब्यात ठेवला.

नोव्हेंबरात क्रेहनने घर विकले. "आठवड्यात निघा. पाहुणे होतात, विसरू नका," असे म्हणून त्याने कोट हातावर टाकला आणि तो गेला.

"आता भर तो अर्ज," ब्रीज खाली मान घालून म्हणाली. "आता कुणाला भ्यायचं?"

मॅलकीला बेघरांच्या निवाऱ्यात एक खाट मिळाली होती. तिच्यावर बसून त्याने अर्ज भरला. उत्तर आले: भाडे दिल्याचा पुरावा पाठवावा. क्रेहनने तर एक पैसाही घेतला नसल्याचे लिहून दिले होते. आम्ही दोघांनी साक्षीची पत्रे पाठवली. पण आमच्याजवळही पावती नव्हती. अर्ज नामंजूर झाला.

"त्या कोटालाच बोलवायला हवं होतं साक्षीला," मॅलकी म्हणाला.

लग्नाच्या छायाचित्रात तो मुलीशेजारी उभा आहे. सगळे हसताहेत; त्याचे ओठ घट्ट मिटलेले आहेत.