नाक दाराकडे, डोळे माझ्याकडे

मास्तरांच्या फोटो स्टुडिओत येणारी माणसं तिला कंगवाताई म्हणत. अकरा वर्षं तिचं काम तेच होतं. माणूस आत आला की त्याला आरशापुढे बसवायचं, त्याच्या पाठीशी उभं राहून केस सारखे करायचे, कॉलर नीट बसवायची, घामेजल्या नाकावर पावडरीचा हलका हात फिरवायचा आणि बाजूला व्हायचं. पुढचं सगळं मास्तरांचं. मास्तर कॅमेऱ्यामागून "स्टेडी!" असे काही गरजत की समोरच्याचा श्वास घशातच अडके.

मग मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ऑपरेशनची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. तेव्हापासून स्टुडिओ सांभाळायला बाहेरचा एक फोटोग्राफर आणायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं. ते कानावर पडलं आणि कंगवाताईने अकरा वर्षांत पहिल्यांदा मधे तोंड घातलं.

"मास्तर, मी शिकते ना."

"ते काय केस विंचरणं आहे?" मास्तर म्हणाले. पण ती जागची हलली नाही, तेव्हा त्यांनी हात टेकले. "बरं, शीक. ऑपरेशनच्या आधीच्या गुरुवारी पहिलं जे गिऱ्हाईक येईल त्याचा फोटो तू काढायचास. त्याने आनंदाने नेला तर कॅमेरा तुझा. नाक मुरडलं, तर सोमवारपासून तो बाहेरचा फोटोग्राफर येईल आणि तू परत आरशापाशी."

दुपारी शटर अर्धं ओढून शिकवणी सुरू झाली. रोज तिचा डबा घेऊन येणारी नणंद आयतीच तावडीत सापडली. पहिल्या दिवशी ताईने दिवा पार खाली, गुडघ्यापाशी ठेवला. फोटो बघून नणंद म्हणाली, "वहिनी, हा घरात लावलास तर पोरं शाळेतून परत यायची नाहीत!"

मास्तर खुर्चीतून सांगत जायचे. दिवा डोक्याच्या वर आणि एका अंगाला. नाकाची सावली ओठावर उतरता कामा नये. दोन्ही डोळ्यांत दिव्याचा ठिपका दिसलाच पाहिजे, नाहीतर जागा माणूससुद्धा झोपेतला वाटतो. ती डोळ्यांत तेल घालून बघायची आणि एकदा सांगितलेलं विसरायची नाही.

फक्त डावं-उजवं काही जमेना. अकरा वर्षं तिने माणसं पाठीमागून, आरशात बघितलेली. तिथे तिचा उजवा तोच त्यांचा उजवा. आता माणूस समोर तोंड करून बसला, तर सगळंच उलटं. ती म्हणे उजवीकडे, नणंद वळे, की ही ओरडे, "अगं, तिकडे कुठे?"

"तुझं उजवं का माझं? काय ते एकदा ठरव," नणंद वैतागली. "मान आहे ही, पंखा नाही!"

शेवटी ताईने ते दोन्ही शब्दच सोडून दिले. "नाक दाराकडे," ती म्हणाली, "आणि डोळे माझ्याकडे." नणंद अशी अलगद वळली की अर्ध्या चेहऱ्यावर उजेड आला, अर्ध्यावर मऊ सावली.

मास्तर खुर्चीत हसले.

तो गुरुवार उजाडला. पहिले आले ते एक निवृत्त बस कंडक्टर, जाड भिंगांचा चष्मा लावून, आणि मागोमाग त्यांची बायको.

"ह्यांचा एक फोटो धड असेल तर शपथ," काकू खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाल्या. "कुठल्याच फोटोत डोळे नाहीत. नातीने विचारलं, आजोबांना डोळे होते का म्हणून!"

"होते का काय? आहेत!" काका म्हणाले.

ताईने मनातल्या मनात हात जोडले. फोटो चांगला येऊ दे असंही मागितलं नाही. डावं-उजवं तेवढं तोंडात येऊ देऊ नकोस, एवढंच म्हणाली. पहिला फोटो काढला आणि तिचं तोंड एवढंसं झालं. दोन भिंगांत दोन पांढरे दिवे, आणि मागे काका खांबासारखे ताठ. दुसराही तसाच. मास्तर कोपऱ्यात हाताची घडी घालून बसले होते.

तिने दिवा आणखी वर चढवला. मग चष्म्याच्या काड्या कानांवरून जराशा उचलून ठेवल्या, तशी भिंगं किंचित खाली झुकली आणि चमक गेली. पण दिवा उंच गेल्याने डोळ्यांखाली काळोखी आली. "काकू, ही पांढरी पाटी ह्यांच्या छातीच्या खाली आडवी धरा."

"म्हणजे फोटोसाठीसुद्धा मीच राबायचं?" काकू म्हणाल्या, पण पाटी धरली. डोळ्यांखालची सावली विरली.

राहिला तो ताठपणा. तिच्या जिभेच्या टोकावर "स्टेडी" आलं होतं, ते तिने गिळलं.

"काका, गाडीत गर्दी असताना पॅसेंजरला कसं विचारायचात?"

"विचारायचं काय त्यात?" काका म्हणाले, आणि चाळीस वर्षांची सवय अंगात आली. एक खांदा हवेतल्याच सीटला टेकला, कमरेतून ते पुढे झुकले, हनुवटी आपोआप खाली आली. "बोला, कुठं जायचं?"

"तस्सेच! नाक दाराकडे, डोळे माझ्याकडे!"

खटका पडला.

फोटो छापून हातात आला तेव्हा काकूंनी तो उजेडात धरला. मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "अहो, तुम्ही लग्नात असेच दिसत होतात."

"तेव्हा सांगितलं नाहीस ते!" काकांनी फोटो काकूंच्या हातातून ओढून घेतला. "ताई, हा मी नेतोच. आणि मोठा करून भिंतीवर लावायला आणखी एक काढून ठेवा."

काका-काकू गेल्यावर मास्तरांनी स्टुडिओत राहिलेली दुसरी प्रत मागितली. अगदी नाकाला लावून, आधी एक डोळा, मग दुसरा, असं निरखून बघितलं. "ठिपके दोन्हीकडे आहेत," ते म्हणाले. "आणि माणूस श्वास घेतोय. माझ्या फोटोत कुणी घेतला नाही." मग घसा खाकरून म्हणाले, "त्या सोमवारच्या माणसाला फोन लाव."

तिने फोन लावला. येऊ नका म्हणून सांगितलं.

"का? मास्तर स्वतःच काढणार का फोटो?" पलीकडून विचारणा झाली.

"नाही," कंगवाताई म्हणाली, "मी काढणार."