लेनच्या शेडमधली धार

किस्से साचतात कसे, सांगू? एका जागी नुसतं जाऊन बसत राहायचं. बास! आम्ही बेसिंगस्टोकला आठ वर्षं काढली. तिथल्या बिझनेस पार्कमध्ये मी सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, अप्रेझलं दिली, प्रमोशनं घेतली. पण त्या ऑफिसातला एक किस्सा विचाराल तर आठवत नाही. आणि लेनच्या शेडमध्ये मी फक्त शनिवारी सकाळी जायचो, तर तिथले संपत नाहीत. माझी बायको मंजिरी म्हणते, "इतकी वर्षं यूकेत राहून आलास आणि सांगतोस काय, तर सुऱ्यांना धार लावल्याच्या गोष्टी!"

लेन हा निवृत्त फॉरेस्टर. गावाबाहेरच्या एका खेड्यात राहायचा. हॅम्पशायरच्या जंगलात हरणं फार झाली की कमी करायची, हे त्याचं जन्मभराचं काम. घरामागे त्याची लाकडी शेड होती. आसपासचे शिकारी तिथे आपले सुरे घेऊन यायचे. मला तिथे नेलं कीथनं. कीथ आमच्या ऑफिसच्या बिल्डिंगचा मेंटेनन्स बघायचा. घरातली सुरी भोपळ्यावरून घसरते, असं मी एकदा त्याच्याजवळ बोललो होतो.

कीथनं ओळख करून दिली, "लेन, हा नितीन. हा मांस खात नाही."

लेननं मला वरून खालपर्यंत बघितलं. मग हातातला धार लावायचा दगड पुसत म्हणाला, "हरकत नाही. हाही खात नाही."

*

दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी मी विळी घेऊन गेलो. आईनं पुण्याहून कपड्यांत गुंडाळून पाठवलेली. ही वापरतात कशी, ते लेनला कळेना. मग मी शेडच्या जमिनीवर बसलो, पाट पायाखाली धरला आणि मॉरीननं दिलेला कोबी चिरून दाखवला. मॉरीन म्हणजे लेनची बायको. तीही दारात उभी राहून बघत होती.

लेननं वाकून पातं बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे सुरा जागच्या जागी राहतो, आणि कोबी त्याच्याकडे जातो?"

"हो."

"मॉरीन," तो वळून म्हणाला, "मी चाळीस वर्षं उगाच जंगलात पळलो गं!"

विळीचं पातं साधं लोखंडाचं. लेनच्या जुन्या दगडावर तेलाचे चार थेंब टाकले आणि कीथचा चहा संपायच्या आत धार लागली.

*

लेनच्या सत्तरीला कीथनं त्याला नवा शिकारीचा सुरा दिला. अमेरिकेहून मागवलेला, एकदम मॉडर्न पोलादाचा. भयंकर कडक! त्या वर्षांत सगळ्या शिकाऱ्यांना तेच हवं असायचं. धार महिनोन् महिने जात नाही, हाडाला लागला तरी तोंड मुडपत नाही.

खरंच गेली नाही. दीड वर्षानं गेली. आणि मग ती परत येईना!

लेननं आपला वडिलांच्या वेळचा दगड काढला. घासतोय, घासतोय. पातं दगडावरून नुसतं सरकत होतं, ओल्या फरशीवरून साबण जावा तसं. शेवटी बघितलं तर सुरा होता तसाच, आणि दगडाला मात्र चरा पडलेला. लेननं त्या चऱ्यावरून अंगठा फिरवला. चेहरा असा झाला, की आम्ही दोघं बाहेर बघायला लागलो.

मग कीथनं डायमंड प्लेट आणली. म्हणजे हिऱ्याची बारीक भुकटी बसवलेली पोलादी पट्टी. लेन तिला 'चीज किसणी' म्हणायचा आणि हात लावायचा नाही. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. कडक पोलादाला घाई चालत नाही. पातं एका ठरावीक कोनात धरायचं आणि तो कोन शेवटपर्यंत हलू द्यायचा नाही. टेस्टिंगमध्ये मी तेच तेच दिवसभर करायचो, त्यामुळे मला ते जमलं.

लेन बाजूला बसून बघायचा. एकदा म्हणाला, "मऊ लोखंड बरं. तुझा हात चुकला तर माफ करतं. हे लक्षात ठेवतं."

*

आमची ईरा तेव्हा सहा वर्षांची. तिचं मराठी म्हणजे आनंदच. दिवाळीला मराठी मंडळी जमली होती, तिथे तिनं ऐटीत सांगितलं, "माझा बाबा दर शनिवारी धार काढायला जातो."

झालं! स्लाऊहून आलेल्या एक काकू माझा पिच्छाच सोडेनात. "अहो, एवढ्या थंडीत? कुणाची गाय आहे हो?"

मी समजावून सांगितलं. काकू, गाय नाही, सुरे. त्यांनी मान डोलावली. आणि निघताना मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाल्या, "चीक मिळाला तर मला आधी फोन करा हं. चौदा वर्षं झाली खरवस खाऊन!"

हे मी शेडमध्ये सांगितलं तेव्हा मॉरीन सगळ्यात जास्त हसली. खरवस म्हणजे काय ते तिला नीट सांगायचं, असं तेव्हा ठरवलं होतं. राहिलं ते. फेब्रुवारीत ती गेली. सकाळी कुत्र्याला फिरवून आली, बूट काढायला पायरीवर बसली आणि उठलीच नाही.

*

मॉरीन गेल्यावर लेननं घरातल्या सगळ्या वस्तू धार लावायला काढल्या. बटाटे सोलायचं सोलाणं, बागेतली कात्री, पाव कापायची सुरी. एक झालं की दुसरं.  

एकदा कीथला एका पार्सलची चिकटपट्टी कापायची होती. टेबलावर मॉरीनची शिवणाची कात्री पडलेली. त्यानं ती उचलली.

"ती नको," लेन म्हणाला.

"नुसती टेप तर कापायचीय."

"ती कापडाची कात्री आहे. तिनं कागद-टेप कापायचं नाही."

कीथ म्हणाला, "लेन, अरे एकदा कापल्यानं काय होतंय?"

"तिला कळेल," लेन म्हणाला.

कीथनं कात्री खाली ठेवली. टेप दातानं तोडली.

*

त्याच्या पुढच्या वर्षी लेनचा उजवा हात थरथरायला लागला. पार्किन्सन्स. डॉक्टरांनी नाव सांगायच्या आधी ते आम्हाला पात्यावर दिसलं होतं.

धार लावण्याआधी आम्ही पात्याच्या कडेला मार्कर पेनानं काळी रेघ ओढायचो. प्लेटवर एकदा ओढलं की शाई कुठे पुसली गेली ते दिसतं, आणि त्यावरून हात सरळ चाललाय की नाही तेही. एवढी वर्षं प्लेटला न शिवणारा लेन आता हट्टानं तिच्यावरच आपला सुरा घासायचा, आणि शाई पुसली जायची वेडीवाकडी. इथे एक ठिपका, तिथे एक ओरखडा. तो डोळ्यांजवळ धरून बघायचा. परत रेघ ओढायचा. परत घासायचा.

मग "चहा टाकतो" म्हणून घरात जायचा. मॉरीन गेल्यापासून चहा तोच करायचा. तो गेला की मी पटकन त्याचा सुरा उचलायचो आणि जमेल तेवढा सरळ करून जागेवर ठेवायचो. कीथ खिडकीत उभा राहून पहारा द्यायचा. लेन परत यायचा, सुरा अंगठ्यावर आडवा फिरवून बघायचा आणि म्हणायचा, "हं. ठीक झालाय."

असं बरेच महिने चाललं. एका शनिवारी त्यानं कप आमच्या हातात दिले, सुरा बघितला आणि म्हणाला, "गंमत आहे. मी चहा टाकायला गेलो, की या सुऱ्याची धार सुधारते."

मी खाली बघितलं. कीथला ठसका लागला.

 त्यानंतरच्या शनिवारपासून तो दोनदा चहा टाकायला जाऊ लागला.

*

बंदुका त्यानं स्वतःहून देऊन टाकल्या. पोलिसांना फोन केला, की माझा हात आता भरवशाचा नाही, येऊन घेऊन जा. एक तरुण ऑफिसर आला. फार अदबीनं वागला बिचारा. रायफली एकेक करून गाडीत ठेवल्या. लेन दारात उभा होता, एक हात दुसऱ्या हातानं घट्ट धरून.

जाताना ऑफिसरनं नियमाप्रमाणे विचारलं, "घरात आणखी काही धोकादायक?"

"होतं," लेन म्हणाला. "माझ्या बायकोची जीभ. फार धारदार. पण ती गेल्या वर्षीच गेली."

ऑफिसरला हसावं की नाही कळेना. लेनच आधी हसला. मग गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी तो तिथेच उभा राहिला. कीथनं जाऊन त्याच्या खांद्यावर कोट टाकला.

*

लेन गेला तेव्हा मी पुण्यात होतो, भाच्याच्या मुंजीला. कीथचा फोन आला.

"नितीन, परत आलास की शनिवारी शेडवर येऊ नकोस."

"का रे?"

 इकडे मांडवात सनई चाललेली. मी एक कान बोटानं दाबून कोपऱ्यात गेलो.

"मी आज गेलो होतो," कीथ म्हणाला. "कुलूप उघडलं. सुरा काढला. पात्यावर रेघ ओढली, आणि मग मला कळेचना, की आता चहा टाकायला घरात कोण जाणार."

एवढंच बोलला. फोन ठेवला. नंतर लेनच्या भाच्यानं ते घर विकलं आणि नव्या मालकानं शेड पाडली.

*

आता हरणीचं सांगतो. हे बंदुका गेल्या त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातलं.

लेनची गाडी चालवणंही तेव्हा बंद झालं होतं. म्हणून रविवारी सकाळी मी त्याला मॉरीनच्या कबरीवर घेऊन जायचो. त्याचा कडक पोलादाचा सुरा आदल्या दिवशी मी घरी नेला होता आणि नीट धार लावून परत द्यायला डिकीत ठेवला होता. धुकं होतं. गवतावर पांढरं दव गोठलेलं. दोन्ही बाजूंनी झाडं असलेल्या अरुंद रस्त्यावर एक छोटी गाडी दिवे लुकलुकवत उभी दिसली. पुढचा भाग चेपलेला. बाजूला एक तरुण मुलगी रडत उभी होती.

कडेच्या गवतात हरणी पडली होती. पुढचे पाय टेकवून उठायचा प्रयत्न करायची आणि मागचा सगळा भाग तसाच पडून राहायचा. परत प्रयत्न करायची. डोळे आमच्यावर.

"मी पोलिसांना फोन केलाय," मुलगी म्हणाली. "कुणीतरी येईल म्हणाले. केव्हाची वाट बघतेय मी."

लेननं वाकून बघितलं. "कंबर मोडलीय. ही उठणार नाही." त्यानं सवयीनं खांद्याकडे हात नेला, जिथे एरवी रायफलीचा पट्टा असायचा. तिथे काही नव्हतं. मी कीथला फोन लावला, तो लागला नाही.

हरणी पुन्हा उठायला बघत होती.

"सुरा आण," लेन म्हणाला.

मी आणला. त्यानं मुलीला गाडीपलीकडे जाऊन पाठ करून उभं राहायला सांगितलं. माझं जाकीट काढून हरणीच्या डोळ्यांवर टाकायला लावलं. अंधार झाल्याबरोबर ती शांत झाली. जाकीट तेवढं श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. लेन गुडघ्यावर बसला आणि डाव्या हाताच्या अंगठ्यानं तिच्या डोक्यामागची मर्माची जागा शोधली. ती त्याला डोळे मिटूनही सापडली असती. पण सुरा धरलेला हात थरथरत होता. सुऱ्याचं टोक तिच्या केसांवर इकडून तिकडे फिरत होतं.

"चुकला तर तिचे हाल होतील," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही. "नितीन, इकडे ये."

मी त्याच्या शेजारी गुडघे टेकले. जन्मात मी मुंगीवर मुद्दाम पाय दिलेला नाही. त्यानं सुरा माझ्या हातात दिला आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला. की आधी मी त्याच्या हातावर ठेवला होता? दोन्ही हात एका मुठीवर होते एवढं नक्की. थरथर माझ्या मनगटातून वर खांद्यापर्यंत येत होती. मग ती थांबली.

"आता," लेन म्हणाला.

हरणीनं एक लांब श्वास सोडला. पाय ताणले. मग जाकीट हललं नाही.

आम्ही तसेच बसलो होतो. गुडघ्यांखालचं दव वितळून पँट ओली झाली होती. मुलगी गाडीला वळसा घालून आली. जाकिटाकडे बघितलं, मग आमच्याकडे. तोंडावरून हात फिरवला.

"तिला फार दुखलं का?"

"नाही," लेन म्हणाला. "काही कळलं नाही तिला."

"मला थँक्यू म्हणायचंय," मुलगी म्हणाली. "तुमच्यापैकी कुणी केलं?"

"यानं," लेन म्हणाला.

"यानं," मी म्हणालो.

दोघंही एकदमच.