उपाशीपोटी केटामाइन

गेल्या वर्षी उदासी मला अशी चिकटली की काही म्हणता काही नको वाटायचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे टॉवेलचे माग आहेत, तिकडं फिरकणं सुटलं. ताट पुढं आलं तरी हात उचलेना. गोळ्यांनी हात टेकले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी केटामाइन हे भुलीचं औषध सुरू केलं. सलाइनमधून, उपाशीपोटी. दोन वेळा घेऊन झालं, मी होतो तसाच. "या खेपेलाही फरक दिसला नाही तर बंद करू," असं त्या म्हणाल्या आणि बायकोचा चेहरा उतरला.

तिसऱ्या खेपेच्या सकाळी मी उठलो आणि म्हणालो, "शेंगाचटणी हाय का गं?" बायको माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं कडक भाकरी मोडली, चटणी वाढली, वर तेलाची धार सोडली. आता कडक भाकरीला आमच्या घरात कुणी जेवण धरत नाही. ते आपलं चघळणं.

दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं, "काही खाल्लंय का?"

"न्हाय की," बायको अगदी ठासून म्हणाली. मीही मान डोलावली.

सलाइन सुरू झालं. आधी ओठ गेले. म्हणजे जागेवर होते, पण माझे राहिले नाहीत. मग पाय लांब लांब निघाले, गाव सोडून पार तिकडं मोडनिंब गावाच्या पुढं गेले असावेत. मी घाबरलो.

"बघ गं, पाय हायत का?"

तिनं अंगठा धरून हलवला. "हायत की."

"माझेच का?"

"मग कुणाचे? नखं बघा केवढी वाढलीत!"

एका पंख्याचे दोन पंखे झाले. दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा सारखा आवळत होता. त्या मेल्याला मी चांगली शिवी हासडली, पण जीभ इतकी जड झालेली की बाहेर नुसतं 'बाबाबा' आलं. तेवढ्यात मी भडाभडा ओकलो. पांढरी चादर लालभडक!

"अगं बाई, रक्त!" नर्सबाई किंचाळल्या. डॉक्टरीणबाई धावत आल्या.

"रक्त न्हाय ओ," बायको कशीबशी म्हणाली, "चटणी हाय."

डॉक्टरीणबाईंनी सलाइन थांबवलं, मला कुशीवर वळवलं आणि मग तिला फैलावर घेतलं. "उपाशी म्हणजे उपाशी! श्वासनळीत गेलं असतं म्हणजे? कळतं का काही?"

"कळतं ओ मॅडम." बायकोची मान खाली. "पण किती महिन्यांनी त्यांनी स्वतःच्या तोंडानं कायतरी मागितलं. न्हाय कसं म्हणू मी?"

माझ्या तर हे तोवर ध्यानातच आलं नव्हतं. आपण मागितलं!

डॉक्टरीणबाई माझ्याजवळ वाकल्या. आवाज उतरला होता. "आत्ता काय वाटतंय?"

मी जीभ गोळा केली. "भूक लागलीय."

आणि बायको तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं रडायला लागली.