शुगरवरचा पाला

बावीस वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढतेय. नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या लॅबमध्ये रक्त नळीत साठतं आणि किस्से माझ्याकडे. सुई टोचेपर्यंत प्रत्येक जण मला शुगरवरचा नवा झाडपाला सांगतो. रिपोर्ट हातात आला की घडी करून खिशात!

\*

रिटायर्ड बँकवाले कुलकर्णीकाका गुडमारचा पाला चघळायचे. "अगं, गोडाची वासनाच मरते!" खरंच मेली. पाला चघळल्यावर चहा फिका लागायचा, म्हणून काकूंवर ओरडून तीन चमचे साखर वाढवून घ्यायचे.

रिपोर्ट बघून आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काका, पाल्यानं साखर घालवली. फक्त जिभेवरची!"

\*

निकम मावशींचा भरवसा मेथ्या आणि जांभळाच्या बियांवर. रोज सकाळी एक लाडू.

"लाडू? बांधता कशात?"

"गुळात! त्याशिवाय वळतात का?"

\*

एका सद्गृहस्थांनी विजयसाराच्या लाकडाचा ग्लास आणला होता. रात्रभर त्यात पाणी ठेवायचं, सकाळी प्यायचं. पण पाणी तुरट लागतं म्हणून ते त्यात उसाचा रस प्यायचे. "ग्लास औषधी आहे ना, मग झालं!"

\*

येवल्याच्या सुमनताई पैठणी विणतात. बाजारातल्या एका बाबाची 'शंभर टक्के जंगली' पुडी घेऊन त्यांची शुगर झपाट्यानं उतरली होती. मी बाबाची चेष्टा करायचं सोडणार, इतक्यात ताई माझ्याच खुर्चीत घामानं डबडबल्या. हात लटलट कापत होते, शब्द फुटेना. मी धावत ग्लुकोज आणून पाजलं.

मॅडमनी पुडी तपासायला पाठवली. पाल्यात चक्क डायबेटिसच्या गोळ्या कुटलेल्या!

मॅडम म्हणाल्या, "ताई, एकच औषध दोनदा घेत होतात. एकदा डॉक्टरांचं, एकदा जंगलातलं!"

\*

फार्मसी कॉलेजचे एक सर वनस्पतींच्या अर्कावर संशोधन करतात. माणूस प्रामाणिक. "पोटेन्शियल आहे हो, पण अजून उंदरांपर्यंतच पोचलोय." थोडक्यात, नाशकातल्या उंदरांची शुगर झकास आहे.

एकदा ते काउंटरवर असतानाच त्र्यंबक रस्त्याकडचे तुकारामबाबा रिपोर्ट न्यायला आले. तीन महिन्यांत शुगर जवळजवळ नॉर्मल! मॅडम बाहेर येऊन बघायला लागल्या.

"बाबा, केलं काय?"

"काय नाय. डोंगरावर एक येल हाय, त्याचा पाला आणतो. रोज सकाळी चढायचं, भारा बांधायचा, उतरायचं. दोन तास जात्यात."

सरांनी लगेच वही काढली. "बाबा, नीट सांगा हं. पाला ताजा खाता की वाळवून? किती घेता?"

बाबा हसायला लागले.

"मी कशाला खाऊ? लय कडू हाय तो! शेळीला घालतो."