खुर्चीतल्या बाई

शाळेत सगळे तिला शिडी म्हणत. तेराव्या वर्षीच ती बाकीच्यांपेक्षा हातभर उंच होती. नाचाच्या वर्गात पहिल्या दिवशी ती मागच्या भिंतीला जाऊन चिकटली. बाईंनी खुर्चीतूनच विचारलं, "भिंत पडेल म्हणून धरून ठेवलीयस का?" सगळ्या हसल्या. शिडीही हसली आणि हसता हसता दोन पावलं पुढे आली.

वर्ग छापखान्याच्या माडीवर भरायचा. ऐन उमेदीत बाई रंगमंचावरून पडल्या आणि गुडघा कायमचा ताठ झाला. म्हणे वर्षभर त्यांनी कुणाला तोंड दाखवलं नाही. मग एक दिवस भावाला म्हणाल्या, "माझी खुर्ची माडीवर नेऊन ठेव." त्या खुर्चीतून त्यांनी तीस वर्षं शिकवलं.

त्या गेल्यावर महिन्याभराने तिघी जुन्या विद्यार्थिनी माडी आवरायला जमल्या. शिडी आता इस्पितळात लोकांना पुन्हा चालायला शिकवते. तिच्याबरोबर होत्या बस चालवणारी भिंगरी आणि भिंगरीची धाकटी बहीण. खिडकीतून आलेल्या उन्हात धूळ संथ तरंगत होती.

"आपण बाईंना नाचताना कधी पाहिलंच नाही गं," धाकटी म्हणाली.

"मी पाहिलंय," शिडी म्हणाली.

एकदा ती विसरलेली ओढणी न्यायला भरदुपारी परत आली होती. बाई डोळे मिटून खुर्चीत बसलेल्या, आणि नुसत्या हातांनी अख्खा नाच चाललेला. बोटं पाण्याखाली असल्यासारखी हळू हलत होती. शिडी किती वेळ उभी होती, देव जाणे. डोळे न उघडताच बाई म्हणाल्या, "दारात वारा अडवू नकोस. ये, बस." मग कितीतरी दुपारी दोघी शेजारी बसून तसंच नाचल्या.

"इतकी वर्षं बोलली नाहीस ती?" भिंगरीने विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्हीही आला असतात."

"आतल्या गाठीची आहेस अगदी," भिंगरी म्हणाली. पण तिनेच बाक पुढे ओढला. "दाखव आता."

शिडीने बाकावर बसून डोळे मिटले. आधी काहीच आठवेना. मग मनगटं आपोआप वळली, बोटं उघडली. शेजारी त्या दोघी बहिणी बसल्याचं तिला बाकाच्या करकरण्यावरून कळलं.

किल्ली न्यायला आलेला छापखान्याचा मालक दारात थबकला आणि आल्या पावली खाली गेला. आवरण्याचं काम त्या दिवशी अर्धंच राहिलं.